माडीवरचा खलाशी

माढ्याच्या बाजारात मी एकाला चांगला बैल कसा ओळखावा हे शिकवत होतो (मला बैलातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकणारा भेटला की माझी जीभ थांबत नाही), तेव्हा माझ्या दोस्ताच्या, चन्नूच्या, थोरल्या भावाचा, अण्णांचा निरोप आला. चन्नू गेला, तो दोर घेऊन लगेच ये. दोर... त्याला आता दीड महिना होईल, पण तो शब्द अजून कानातून निघत नाही.

सोलापुरात मंगळवार पेठेत अण्णांचं भुसार दुकान आणि वर माडी. जिना असा, की मांजरानंही पोट आत ओढून चढावं. चन्नू विशीत तापानं आजारी पडला तो त्या माडीवरच. ताप उतरला, जाताना पाय घेऊन गेला. मग बसून बसून चन्नू इतका वाढला, की एका पारड्यात तो आणि दुसऱ्यात ज्वारीची तीन पोती घातली, तरी पोतीच हवेत लटकली असती. त्या जिन्यानं त्याला खाली आणणं कुणालाच जमेना.

एकदा पुड्यांच्या रद्दीत जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. शिडाच्या होडीतून कॅरिबियन समुद्रात हिंडणाऱ्या शौकिनांनी मुक्कामाला कुठलं बंदर निवडावं, याचं. चन्नूनं त्याचं एक पान फाडू दिलं नाही. रोज संध्याकाळी मी माडीवर गेलो की आमची होडी निघे. वारा पूर्वेचा, म्हणून मुक्काम बेटाच्या पश्चिम अंगाला. तळ वाळूचा असला तर नांगर धरतो, खडकाचा असला तर घसरतो. गोडं पाणी कुठं, बर्फ कुठं... मरिना म्हणजे होड्यांची धर्मशाळा, फक्त भाडं घेणारी. ग्रेनाडा बेटावर माझा मामा आहे, तिथं उतरू, अशी मी थाप मारी. चन्नू मान हलवी.

"आत शिरायच्या आदी भाईर पडायची वाट बगावी, बाळ्या. वाट न्हाय तर बंदर न्हाय त्ये, सापळा हाय."

हे तो खिडकीकडे बघत म्हणे. खिडकीबाहेर पोती वर ओढायची कप्पी होती. तिनंच तुला उतरवू आणि हिप्परग्याचं तळं दाखवू, असं मी म्हणालो, तर अण्णा उखडले. माझा भाऊ पोतं आहे काय, म्हणाले. म्हणून ते खरेदीला केम गावी गेल्याचा दिवस साधला. मी घरून आणलेला दोर कप्पीवर चढवला, चन्नूला खुर्चीला बांधलं, हमालांनी दोर धरला. मध्यावर लोंबकळताना तो म्हणाला, जरा थांबा. सगळी पेठ माना वर करून त्याच्याकडे बघत होती आणि तो पेठेकडे, हत्तीवरच्या राजासारखा.

बैलगाडीनं तळं गाठलं. साल दुष्काळाचं. बेडकांनीसुद्धा बिऱ्हाड हलवलेलं, नजर जाईल तिथवर भेगाळलेला चिखल. मला जन्मात पहिल्यांदा थाप सुचेना. चन्नूनं कपाळाशी हात धरून पलीकडचा काठ न्याहाळला.

"खोली कमी हाय की रं. आपली होडी हितं न्हाय लागायची. फुडलं बंदर बगू."

त्याला वर ओढताना दोर वीतभर घसरला, आणि नेमके तेव्हाच अण्णा परतले. चन्नू माडीवर टेकल्यावर त्यांनी दोर सोडून माझ्या अंगावर फेकला आणि आठवडाभरात खिडकीला गज बसवले, पोतीही खालीच रचायला लावली. भावाच्या काळजीनंच, हे तेव्हाही दिसत होतं. मी जात राहिलो, पुस्तक उघडत राहिलो. चन्नू म्हणे, वारा पडलाय, आज नको. मग तो वारा कधी सुटलाच नाही...

दोर घेऊन मी पोचलो, तेव्हा लोहार गज कापत होता. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. चन्नू त्याच खुर्चीत बसला होता, कपाळाला विभूती, गळ्यात हार. दोराची गाठ अण्णांनी मला मारू दिली नाही. स्वतः मारली, सोडली, पुन्हा मारली.

"घट्ट हाय का बग रं."

हाय, म्हणालो. खुर्ची मध्यावर आली तशी अण्णांनी हात वर केला.

"थांबा जरा."

त्या दिवशीचं त्यांना कुणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही. पेठेनं पुन्हा माना वर केल्या.

पोती अजूनही खालीच रचतात. खिडकीला गज परत बसले नाहीत, आणि कप्पीवरचा माझा दोर अण्णा काही केल्या परत देत नाहीत.