तिसावा फॉर्म

ऑफिसात तिला सगळे 'गोचीड' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. एकवीस वर्षं तिचं काम एकच: आरोग्य विम्याच्या योजना कशा चालतात, ते डॉक्टरांकडून फॉर्मवर भरून घ्यायचं; त्यावरून ऑफिस दरवर्षी योजनांच्या तुलनेचा तक्ता जाहीर करायचं. मंजुरी किती दिवसांत येते, तपासण्या नाकारतात का, तज्ज्ञ कधी भेटतो. डॉक्टर ही टाळाटाळीत पटाईत जमात. फोन केला तर ऑपरेशनमध्ये, पत्र पाठवलं तर ते रद्दीत. म्हणून गोचीड सरळ पेशंटच्या रांगेत नंबर लावून बसायची. नंबर लागलेल्या बाईला कोण हाकलणार?

यंदा तिचा जीव एका स्वस्त योजनेत अडकला होता. महिनाअखेरपर्यंत तिच्या लेकीला योजना निवडायची होती. नातवाला दमा, आणि लेकीचं मन नेमकं त्याच योजनेवर बसलेलं. तुला तर आतलं सगळं ठाऊक असेल, असं लेक म्हणाली. ठाऊक होतंच. त्या योजनेचे एकोणतीस फॉर्म गोचिडीच्या हाताखालून गेले होते आणि ते काही बरं बोलत नव्हते. पण तीस फॉर्म जमल्याशिवाय निकाल जाहीर करायचा नाही आणि तोवर कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. ती गप्प बसली, आणि रात्रंदिवस तळमळली.

तिसावा फॉर्म आला होता म्हणा. मुलांच्या एका डॉक्टरांचा, सही-शिक्क्यासकट. पण चोवीसच्या चोवीस खुणा 'उत्तम'वर, एका दमात मारलेल्या. असला फॉर्म दोन पेशंटच्या मधे रिसेप्शनिस्ट भरते आणि डॉक्टर न बघता सही ठोकतात, हे ती पुरतं ओळखून होती. साहेब म्हणाले, राहू द्या, तीस तर झाले. तिचंही काम त्यात भागत होतं. तरी तिने तो बाद केला. तिला खोटं खपायचंच नाही, त्याला कोण काय करणार?

फॉर्म जमा करायच्या मुदतीला एक दिवस उरला असताना ती त्याच डॉक्टरांकडे अठराव्या नंबरवर बसली. आत गेल्यावर त्यांनी काय होतंय म्हणून विचारलं. तिने कोरा फॉर्म पुढे केला. तो भरून पाठवलाय, असं ते म्हणाले.

"मग एवढंच सांगा," ती म्हणाली, "या योजनेत मुलांना छातीचा तज्ज्ञ मिळायला किती दिवस लागतात?"

"दिवस कसले, दोन-दोन महिने. पोरं धापा टाकत बसतात."

"तुमच्या फॉर्मवर 'उत्तम' आहे."

डॉक्टरांनी दाराबाहेरच्या रिसेप्शनिस्टकडे पाहिलं. तिने नेमका तेव्हाच फोन उचलला. डॉक्टर ओशाळले. बाहेरच्या पेशंटना पंधरा मिनिटं थांबवून त्यांनी चोवीसही उत्तरं स्वतः लिहिली आणि समासातही मजकूर कोंबला.

आठवड्याने, महिना संपायला दोन दिवस असताना, तक्ता जाहीर झाला. संध्याकाळी लेकीचा फोन आला. तज्ज्ञांच्या रकान्यात ती योजना तळाला होती. लेकीने दुसरी घेतली होती, थोडी महाग, पण घेतली होती.

"आई, मला इतकी वर्षं वाटायचं, तू नुसते कागद गोळा करत हिंडतेस," लेक म्हणाली. "आज तुझ्या कामाने माझं पोर वाचवलं."

गोचिडीने फोन दुसऱ्या कानाला लावला. एवढं सुख तिला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि ते लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

"नीट ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत म्हण."