मग बोट कुणाला उचललंत?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेव्हा हे वाचून कुणीतरी म्हणेलच — अडाणी बाई, हिला भुतंच दिसणार. म्हणून आधी सांगते. आमच्या गावात एकीच्या अंगात यायचं. माझ्या आईनं तिच्या डोक्यावर गार पाण्याची घागर ओतली, देवी जागच्या जागी उतरली. त्या आईची मी लेक. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही मला भीती वाटत नाही... राग येतो.

शहाऐंशी-सत्याऐंशीची गोष्ट. आमचे हे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये एका हॉस्पिटलात डॉक्टर होते. घर गावाबाहेर टेकडीवर. दुकान खाली, बस कधीतरी. दूध संपलं तरी मी ह्यांची वाट बघत बसायची. मला गाडी शिकायची होती. शेजारची नर्स शिकवायला तयार होती. ह्यांचं मात्र एकच — "बघू."

त्या रविवारी मुलीला नर्सकडं ठेवून आम्ही दोघं कोस्टवर फिरायला निघालो. कुशेनडनच्या पुढं टॉर हेडचा रस्ता लागतो. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे खाली समुद्र, मध्ये एक गाडी जाईल एवढीच वाट. समोरून कुणी आलं की एकानं कडेच्या रुंद जागेत थांबायचं. जाताना दोघंही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. हात हलवत नाहीत, हसत नाहीत, नुसतं बोट. तिकडची रीत. ह्यांना त्या बोटाचं फार कौतुक.

पाऊस असा की वायपर दमले.

"सीनरी बघ गं," हे म्हणाले.

"काचेतून दिसली तर बघते. माझ्या गाडी शिकण्याचं काय झालं?"

"ह्या रस्त्यावर रिव्हर्स घ्यायला लागला तर काय करशील? उतरून ढकलशील?"

"तुम्ही काय आईच्या पोटातनं शिकून आला होतात?"

हे हसले. "बरं बाई. उद्यापासून शीक. नर्सबाईंना मी सांगतो."

तेवढ्यात वळणावरून एक छोटी लाल गाडी आली, जोरात. ह्यांनी आमची गाडी कडेला घेतली. ती अगदी खेटून गेली. चालवणारी बाई एकटीच. अंगात तपकिरी कोट, गळ्याशी वेगळंच हिरवं बटण. ते बटण मी शिवलं होतं. तो कोट त्या क्षणी माझ्या अंगात होता! तोंडही माझंच, जरा वाळलेलं. तिनं बोट उचललं. ह्यांनीही उचललं.

"अहो, बघितलंत?"

"काय?"

"ती गाडी! आत मी होते!"

"कुठली गाडी?"

"मग बोट कुणाला उचललंत?"

"मी कशाला बोट उचलू?" ह्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

वळण घेतलं तर पुढं मेंढ्यांनी रस्ता भरलेला. मी काच खाली करून मेंढरवाल्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, लाल गाडी इथून गेली का? तो म्हणाला, "गाडी? सकाळपासून मी ह्याच रस्त्यावर आहे, मिसेस. तुमचीच पहिली."

"ऐकलंस?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून तयार. हे म्हणाले, "गाडी शिकायची नाही. विषय बंद." नर्सला दारातून परत पाठवलं. का, ते सांगितलं नाही.

पुढं इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलो. तिथं तर गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. मी भांडले, अबोला धरला, एकदा आठवडाभर मुद्दाम अळणी भाजी केली. हे मुकाट्यानं खायचे. मुलगी ओरडायची, "बाबा, दिस इज रिडिक्युलस! आईला शिकू दे ना!" नाही म्हणजे नाही.

नव्वदनंतर ह्यांचं हृदय बिघडलं आणि ह्यांनाच गाडी चालवायची बंदी आली. मग मी कुणाला विचारलं नाही. शिकले. दुसऱ्या खेपेला पास झाले. ह्यांना चेकअपहून घरी आणत होते, इतकी हळू की मागचे हॉर्न मारत होते. हे एकदम म्हणाले, "त्या दिवशी केवढी फास्ट चालवत होतीस."

"कुठल्या दिवशी?"

"टॉर हेडला."

मी गाडी कडेला थांबवली. "म्हणजे बघितलं होतंत."

"बघितलं. शेजारची सीट रिकामी होती. कपाळही मोकळं होतं तुझं." मग खाली बघत म्हणाले, "तू शिकलीस की मी जाणार, असं डोक्यात बसलं."

एवढा शिकलेला माणूस! स्वतः जगायचं म्हणून मला इतकी वर्षं घरात बसवलं. वर वेडी ठरवलं.

"सांगितलं असतंत तर दोघं मिळून घाबरलो असतो," मी म्हटलं. गाडी परत रस्त्यावर घेतली.

त्याच हिवाळ्यात हे गेले. हृदयानं गेले, माझ्या लायसन्सनं नाही.

मी कुंकू पुसलं नाही. मुद्दाम. उलट मोठं लावायला लागले. पुढच्या वर्षी एकटी टॉर हेडला गेले. बेलफास्टला भाड्यानं गाडी घेतली, मिळाली ती लाल. कोट तोच, धड कोट कोण टाकतं? ह्या वेळी मुद्दाम उलट्या बाजूनं आले. म्हटलं, हे समोरून आले तर हे रुपयाएवढं कुंकू बघू देत. आणि मग काच खाली करून सगळं सुनावते.

रुंद जागेत थांबले. उतरून पावसात उभी राहिले. चिंब भिजले. एक मेंढी आली, माझ्याकडं बघून गेली. बाकी कुणी नाही.

मग असा संताप आला! दार आपटलं आणि निघाले ती जोरात. वळण घेताना आरशात नजर गेली. कपाळ पावसानं साफ धुऊन निघालं होतं. कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही.

समोर रस्ता रिकामा होता. तरी माझं बोट उचललं गेलं. मी उचललं नाही... ते उचललं गेलं.

मुलगी म्हणते कोइन्सिडन्स. मेंढरवाल्याला न दिसलेली गाडी कोइन्सिडन्स कशी, ते तिलाही सांगता येत नाही, मलाही नाही. मला फक्त एवढं कळतं, की ज्या कपाळाला हे मरेपर्यंत भ्यायले, ते पावसानं पुसलं होतं. ह्यांनी त्या दिवशीच कुणाला तरी विचारायचं होतं की. मी शेजारीच बसले होते.