दोन घास खाय, मंग रड

पदर कमरेला खोचलेला, एका हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, दुसऱ्या हातात बेसनाचा, म्हणजे पिठल्याचा, पितळी गंज. मयतीच्या घरात मामी अशी शिरायची. रडणाऱ्या बाईपुढे फतकल मारून बसायची, घास तिच्या तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, "दोन घास खाय माय, मंग रड. उपाशी पोटानं रडनं होत नाही."

ज्या घरातलं माणूस गेलं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण मूर्तिजापुरातल्या आमच्या गल्लीत शेजारी म्हणजे मामी. बाकीचे आम्ही दारात उभं राहून 'फार वाईट झालं' म्हणणारे. आणि बेसन तरी कसलं? आग! तिचा लाल तिखटाचा डबा गल्लीत प्रसिद्ध होता. आता कोणी गेलं की सगळ्यांची नजर एकदा तरी गल्लीच्या वळणाकडे जाते. पण मामीच गेली, ती आता कुठून येणार.

माझं मंडप आणि भांड्यांचं दुकान. लग्न असो की मयत, मामीची अन् माझी गाठ पडायचीच. एकदा गंमत म्हणून विचारलं, "मामी, तुमच्या घरी वेळ आली तं बेसन कोन आनीन?"

"तू आनजो," ती म्हणाली. "पन तुले येते का? गाठी करून ठेवशीन अन् म्हनशीन, खाय."

खाटेवरून मामा हसले. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती, हसू मात्र शाबूत होतं.

मग बंगालच्या टोकाला, नदी समुद्राला मिळते तिथल्या बेटांवर वादळ आलं. गावानं तांदूळ, बेसन, ताडपत्र्या गोळा केल्या. माझी मोठी पातेली निघाली. तिथं रांधणार कोण? मामी तयार झाली, पण तिचा पाय निघेना.

"माह्या मागं ह्यायले काही झालं तं?"

"जाय नं वो!" मामा खाटेवरून ओरडले. "मी काय पयून चाललो का?"

सून म्हणाली, मी आहे ना. तरी मामी दारातून दोनदा परत फिरली. एकदा पाण्याचा तांब्या मामांच्या उजव्या हाताशी सरकवायला, एकदा उगाच. हावड्याच्या गाड्या आमच्याच स्टेशनातून जातात, लहानपणापासून पाहतोय. त्या दिवशी आम्ही त्यातल्याच एकीत बसलो.

बेटावर उतरलो. वादळ हा शब्द मी आजवर मंडप उडण्यापुरता वापरत आलो होतो. इथं गावच उडालं होतं, बाप्पा! घरांचे मातीचे ओटे तेवढे उरलेले. एका झाडाच्या फांद्यांत गाय अडकलेली. तळ्यात खारं पाणी शिरून मासे उलटे तरंगत होते, प्यायचं पाणी होडीतून पिंपांनी यायचं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे कोणी रडत नव्हतं. माणसं बांधावर नुसती बसली होती. आमच्याकडे पाहतही नव्हती.

मामीनं बांधभर नजर फिरवली. "अवं माय," ती म्हणाली, "इथं तं सारं गावच मयतीचं घर हाय. शेजारी कोन?" मग तिनं पदर खोचला. "उतरव पातेले. शेजारी आपन."

घाईत तिखटाचा हात वऱ्हाडीच पडला. भातावर बेसन घेऊन पहिला घास खाल्लेली एक म्हातारी अशी ठसकली की नाकाडोळ्यांतून पाणी. मी मामीवर खेकसलो, "हे लोक मासे-भात खानारे, जीव घेता का त्यांचा?" ठसका थांबला, पण पाणी थांबेना. म्हातारी रडत होती. तिचा लेक वाहून गेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दोन घास खाय माय, मंग रड."

तेव्हापासून म्हातारी मामीला चिकटली. ती बंगालीत बोलायची, ही वऱ्हाडीत, आणि दोघींची बडबड दिवसभर चालायची. जेवायला बसलेल्या प्रत्येकापुढे मामीचं तेच वाक्य, म्हातारी शेजारी भात वाढत उभी.

फोन लागायचा तो फक्त होड्यांच्या धक्क्यावर. मामी रोज सकाळी तिथं जाऊन मामांशी बोलायची. त्या सकाळी समुद्र खवळला होता, होड्या बंद होत्या. फोन सुनेनं उचलला. मामी ऐकत राहिली. मामा झोपेतच गेले होते.

मी होडीवाल्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. मामीनं तेही पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "उरकून घ्या. गर्मीचे दिवस हायेत. माह्यासाठी ठेवू नका."

बस्. एवढंच! फोन माझ्या हातात दिला, परत आली आणि भात ढवळू लागली. डोळे कोरडे ठणठणीत.

"मामी, बसा नं जरा."

"खाली लागून राहिला नं भात."

बेसन 'तू आनजो' म्हणाली होती ती. आणि मला तिच्या हातातलं उलथनं काढून घेणंही सुधरत नव्हतं.

म्हातारी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी खुणेनं सांगितलं, हिचा घरधनी गेला. तिनं मामीच्या हातून उलथनं घेतलं, तिला ताडपत्रीखाली बसवलं. थाळीत भात वाढला, बेसन वाढलं. मग मामीचाच डबा उघडून वर लाल तिखट भुरभुरलं, चांगलं दोनदा. घास कालवून मामीच्या तोंडाशी नेला.

"दोन घास खाय माय," ती म्हणाली. थेट आमच्या गल्लीतल्यासारखी. "मंग रड."

मामीनं दोन घास खाल्ले. मग रडली.