वरून वाढलेली भाकरी

वॉर्डात माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. समोर 'सिस्टर', आणि मी वळले की 'कडक चहा'. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे कोणी हात न धुता गेलं की माझा आवाज चढतो, मग तो डॉक्टर का असेना. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका दुपारचं, आणि त्या दुपारी मी कोणावर ओरडलेही नव्हते.

बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात मी नर्स आहे. ती बाई जांबोटीच्या पुढच्या एका खेड्यातून आमच्याकडे आली होती. साठी ओलांडलेली, घरची भातशेती, गुरं. चिखलात पायाला काहीतरी लागलं, साखरेचा आजार होताच, जखम चिघळली. गावाजवळच्या डॉक्टरची इंजेक्शनं दोन दिवस घेतली, बरं वाटलं म्हणून थांबवली. मग दुसऱ्या डॉक्टरच्या गोळ्या, त्याही अर्ध्यावर सोडल्या. आमच्याकडे पोचली तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. पुवाच्या तपासणीचा कागद आला, त्यावर औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शेरा: उपयोग नाही. एकच औषध उरलं होतं. ते चौदा दिवस शिरेतून द्यायचं, एकही डोस न चुकवता. मध्येच सोडलं तर पाय जाणार, आणि पायावर भागेल याचीही खात्री नव्हती.

असले जंतू हातावरून, कपड्यावरून, भांड्यावरून शेजारच्या खाटेवर पोचतात. म्हणून तिला टोकाच्या खोलीत एकटीला ठेवलं. तिचा थर्मामीटर वेगळा, बीपीचा पट्टा वेगळा. आत जाणाऱ्यानं गाऊन आणि हातमोजे घालायचे. दारावरच्या पिवळ्या बोर्डावर हे सगळं कन्नड आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं, आणि तिची सून मराठी शाळेत सातवीपर्यंत गेलेली. तेव्हा समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ड्यूटी बदलायची वेळ होती. मी दारातच सुनेला सांगितलं, "हात लावायचा न्हाय. खाटेवर बसायचं न्हाय. भांडी येगळी ठेवायची. पोरांना आणायचं न्हाय." काय करायचं नाही ते सगळं सांगितलं. गाऊन आणि हातमोजे घालून जवळ बसता येतं, पाठीवरून हात फिरवता येतो, बाहेर येताना साबणानं हात धुतले की झालं, हे सांगायचं राहून गेलं. ती मान हलवत होती. मला वाटलं, कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी दाराच्या काचेतून आत पाहिलं. सून डबा घेऊन आली होती. पदर आवरून ती खाटेपासून हातभर लांब उभी राहिली आणि तांदळाची भाकरी तिनं वरून सोडली. भाकरी सासूच्या मांडीवरच्या ताटात पडली. भाजीही तशीच, डाव उंच धरून. मग सासूनं ओंजळ पुढे केली आणि सुनेनं वरून पाणी ओतलं. तांब्या कुठं टेकू दिला नाही. तिनं ते मुद्दाम, दुष्टपणानं केलं असं मुळीच नव्हतं. माणसाला लांब कसं ठेवायचं ते तिच्या घरात आधीपासून माहीत होतं. कोणाला ठेवायचं, तेवढं मी नेमून दिलं होतं.

माझी आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत लागायच्या आधी दुसऱ्यांच्या शेतावर राबायची. मालकाच्या दारात तिला पाणी असंच मिळायचं. ओंजळ गळते, म्हणून भराभर प्यावं लागतं, निम्मं लुगड्यावर जातं, असं ती सांगायची. तिचा मुलगा शिकून मास्तर झाला, मी नर्स झाले. मला कोणी तसं पाणी घातलेलं नाही. पिरनवाडीत भाड्यानं घर शोधताना आडनाव मात्र चार ठिकाणी सांगावं लागलं, आणि तीन ठिकाणी खोली आदल्याच दिवशी दुसऱ्याला देऊन झाली होती. काचेपलीकडचं ते पाणी बघून माझ्या अंगाची आग झाली. आधी सुनेचा राग आला, मग माझा स्वतःचा.

मी गाऊन चढवेपर्यंत त्या बाईचा मुलगा आला. बेळगावातच कारखान्यात कामाला असतो. म्हणाला, "सिस्टर, आई ऱ्हाईना झालीया. घरी न्या म्हणती. सही कुठं करायची तेवढं सांगा."

आत ताट तसंच होतं. तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं.

"वाळीत टाकलासा मला," ती म्हणाली. "गुराला बी आम्ही पाठीवर हात फिरवून वैरण घालतो."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं. हातमोजे घातलेल्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात ठेवला. म्हटलं, "आक्का, चूक माझी हाय. सुनेला मी नीट सांगितलं न्हाय. माझी आजी तुमच्यासारख्यांच्या दारात अशीच ओंजळ धरून पाणी प्यायची. तिला कुठला रोग न्हवता. तुमच्या पायाला हाय, म्हणून हे हातमोजे. पाय बरा झाला की हे निघणार."

तिनं मान वळवली. "कुठली गं तू?"

"निपाणीची."

आडनाव तिनं विचारलं नाही. ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "मी बी घातलंय पाणी तसं. सासूचं बघून." माफीबिफी काही नाही. सांगितलं, एवढंच. मला त्या क्षणी तिचा रागही आला आणि तिच्याबद्दल माया पण वाटली. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तेव्हाच कळलं.

मग तिनं उरलेल्या भाकरीचे दोन भाग केले आणि एक माझ्यापुढे धरला. "खा. माझ्या ताटातलं खाल्लीस तर मी ऱ्हाते."

आजीच्या उभ्या जन्मात असं ताट तिच्यापुढं कोणी धरलं नव्हतं. आणि त्या खोलीत नर्स-डॉक्टरांनी अन्नाचा कण तोंडात टाकायचा नाही, हा नियम वॉर्डात सगळ्यांत मोठ्यानं मीच सांगते. नको म्हटलं तर तिला काय वाटेल ते मला दिसत होतं. दारात मुलगा उभा होता.

"इथं न्हाय खात, आक्का. इथं आम्ही कुणीच खायचं नसतं," मी म्हटलं. "तुम्ही चौदा दिस पुरे करा. मग तुमच्या घरात येते. चुलीपाशी बसून जेवते."

"घरात?"

"व्हय. घरात."

तिनं हातातला तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग मुलाला म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्यो कागद."

सुनेला मी त्याच दुपारी गाऊन कसा बांधायचा, हातमोजे काढून कुठं टाकायचे, हात कसे धुवायचे ते करून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ती सासूची वेणी घालायला लागली. चौदा दिवस पुरे झाले. बोटं दोन गेली, पाय वाचला, आणि शेजारच्या एकाही खाटेवर ते जंतू गेले नाहीत.

घरी गेल्यापासून तिचे तीन फोन आले. पहिल्यांदा मी म्हटलं, तिकडं बस कुठं वेळेवर असते. दुसऱ्यांदा ड्यूटीचं सांगितलं. परवा ती म्हणाली, "पोरगा गाडी घिऊन यील तुला न्यायला. कवा येतीस तेवढं सांग." मी कळवते म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ती मला आत बोलवील असं वाटतं, पण आत गेल्यावर कुठं बसवील, पाणी कसं देईल, ते मला माहीत नाही, आणि बघायचा धीर होत नाही. तिनं माझ्या शब्दावर चौदा दिवस काढले. मला तिच्या शब्दावर एक जेवण जमत नाही.