दाजींनी फोडलेला गिअर

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, यांचा जगातल्या कुठल्याही वस्तूवर ती फोडून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नसे. मूळचे घोटीचे. नव्वदच्या दशकात अंबडच्या एका कारखान्यात बिडाच्या मालाला उष्णता द्यायच्या भट्टीवर लागले, आणि तेव्हापासून त्यांना घरीदारी बिडाशिवाय काही दिसेनासे झाले. तवा घ्यायला गेले की दुकानातला एकूण एक तवा किल्लीने वाजवून त्याला कान लावत. एका दुकानदाराने शेवटी हात जोडले, "काका, तवा घ्यायचाय की तबला?" आमच्या आईने एकदा तापलेला तवा नळाखाली धरला, तर हे भरल्या ताटावरून उठले. "मामी, सावकाश निवू द्या त्याला!" तवा तडकलाच, आणि पुढे वर्षभर आईला त्याची आठवण करून दिली गेली.

कारखान्यात ते प्रत्येक घाण्यातला एक नग घणाने फोडत. मालक कुरकुरायचे. दाजी म्हणायचे, "सायेब, कडकपणा यंत्र सांगतं. चिवटपणा घणच सांगतो."

बारा-तेरा वर्षांनी फोरमनची जागा निघाली. त्या दुपारी ट्रॅक्टरचे गिअर भट्टीतून काढून, चिवटपणा यावा म्हणून वितळलेल्या क्षारांच्या टाकीत मुरत ठेवले होते आणि नेमके साहेबांचे बोलावणे आले. इस्त्रीचा शर्ट घालायच्या घाईत दाजींनी माल अर्धा तास आधी काढला. साहेबांनी जागा तुमचीच म्हणून सांगितले. परत येऊन बघतात तर कडकपणाचा आकडा नेहमीपेक्षाही चढा! सगळे खूश. गिऱ्हाइकाच्या माणसाने माल पास म्हणून सहीसुद्धा केली. "आज राहू द्या," असे सगळे म्हणत असताना दाजींनी घण उचलला. एका घावात गिअरचे दोन तुकडे झाले.

"चूक माझी. लवकर काढला मी," ते म्हणाले. "झिजायचा नाय हा, पन फुटंल."

सगळा घाणा नापास झाला आणि फोरमनची जागा दुसऱ्याला गेली. ताईने पेढे आणून ठेवले होते. दाजींनी एक तिच्या हातावर ठेवला, एक स्वतः खाल्ला आणि म्हणाले, "शेतकऱ्याच्या वावरात नाय फुटला, लय झालं."

ते त्याच भट्टीवरून निवृत्त झाले. मी त्यांची आयुष्यभर टिंगल केली. त्यांच्या जागी मी असतो, तर सही झाल्यावर घणाला हात लावला नसता. हे त्यांना सांगायचे मात्र राहून गेले.