मॅटवरचा डाग

कबड्डीच्या सामन्यात एकाचं कोपर फुटलं, तशी पंचांनी ताबडतोब शिट्टी मारली. मॅट पुसली, पट्टी बांधली, रक्ताची जर्सीसुद्धा बदलायला लावली. नियम म्हणजे नियम! थोड्याच वेळात पकड करताना आमच्या सुहासचं डोकं दाणकन आपटलं. तो उठला आणि शांतपणे समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. प्रेक्षक खो खो हसले.

"रक्त आलंय का?" पंचांनी लांबूनच विचारलं. "नाही ना? मग खेळा."

या शहाण्यांना दुखणंसुद्धा पुसता येईल असंच लागतं. आतलं कोण बघत बसणार?

कर्णधार ओरडला, "अरे सुहास, आपली बाजू इकडे!"

"सुहास कोण?" त्याने विचारलं.

सगळे पोट धरून हसले. मॅटवर एकही डाग नव्हता.