बाओजूच्या टाचण्या

ताइनान शहरात आमच्या गल्लीत वधूंचे झगे भाड्याने देणारे एक दुकान आहे. त्याच्या माडीवर बाओजू आयुष्यभर शिवणकाम करीत आली. मनगटावरची टाचण्यांची गादी सोडायचे तिला भान नसे. देवळात उदबत्ती लावतानाही ती तशीच हातावर असे. हात स्थिर आणि चित्त मात्र अखंड चंचल, अशी ही बाई. वधू आरशासमोर उभी राहिली की बाओजू तिच्याभोवती ग्रहासारखी फिरत राही. झगा भाड्याचा, म्हणून त्याला कात्री लावायची नाही. एकीसाठी आवळायचा आणि दुसरीसाठी पुन्हा उसवायचा, हाच तिचा नित्यक्रम.

एका हेमंतात शाओवेन आली. तिला आई नव्हती, म्हणून होणारी सासू सोबत आली होती. या लाईबाई बाजारात माशांच्या गोळ्यांचे सूप विकत, आणि त्यांचा आवाजही बाजारातलाच होता. शाओवेनने निवडला तो साधा, अंगाबरोबर उतरणारा रेशमी झगा.

"हा झगा आहे की आंघोळीचा पंचा गुंडाळलाय?" लाईबाई म्हणाल्या. "तो घे ना, घंटेसारखा फुगलेला. तुझ्या मांडवात लोक जेवायला येतील, तुला शोधायला नाही."

"आई, त्या घंटेत मी बुडेन."

"बुड की! वर काढायला माझा मुलगा आहे."

शेवटी सुनेचीच निवड ठरली. बाओजूने कंबर टाचण्यांनी आवळून घेतली आणि त्याप्रमाणे टाके घातले.

लग्न महिन्यावर आले, तेव्हा शाओवेन पुन्हा माप पाहायला आली. लाईबाई सुपाचा गाडा आवरून मागाहून येणार होत्या. पण झग्याची चेन पाठीवर अर्ध्यातच अडली. बाओजूने टाचणी काढली, वाकली, आणि थबकली. कंबर होती तशीच होती; भरली होती ती छाती. मुलीचा चेहरा फिकट पडला होता. बाओजूच्या हातातल्या टाचणीकडे पाहताच तिचा तळहात नकळत पोटावर गेला.

पहिले तीन महिने ही वार्ता ओठांवर आणायची नसते, हे आमच्याकडे लहान पोरीही जाणतात. गर्भाचा रक्षक देव त्या दिवसांत भित्रा असतो. सुई, कात्री, खिळा त्याला आसपास खपत नाहीत. बाओजूला तर हे अंगावरच्या व्रणासारखे ठाऊक होते. तरुणपणी पोटुशी असताना तिने सासरी लपवून शिवणकाम चालू ठेवले होते, आणि ते मूल राहिले नाही. सुईचा यात काही दोष नाही, असे डॉक्टरांनी समजावले होते. तिने मान हलवली होती. विश्वास मात्र कधीच बसला नाही.

आणि आता तिच्या हातात टाचणी होती! मागच्या खेपेला तर किती टोचल्या होत्या! ती झटकन मागे सरली, मनगटावरची गादी सोडून टेबलावरच्या कात्रीसह कपाटात टाकली, कपाट पुन्हा उघडून पाहिले, पुन्हा बंद केले. मग गच्चीवर जाऊन वाळणाचे चिमटे घेऊन आली.

"मावशी, हे काय?" शाओवेनला हसू आले. "मला दोरीवर टांगणार?"

"गप उभी राहा गं. माझ्या टाचण्या गंजल्यात."

चिमटे रेशमावरून घसरत होते. एक लावावा तर दुसरा निसटे. बाओजूचे कपाळ घामाने डबडबले. तेवढ्यात जिना दणाणला आणि लाईबाई आत आल्या.

"अगं बाई! नवरी आहे की धुणं?" त्या मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी बाओजूचे मोकळे मनगट पाहिले. टेबलावर नेहमी पडलेली कात्री नव्हती, तेही पाहिले. गुपित राखण्यासाठी घेतलेल्या त्या खबरदारीनेच ते फोडले होते. बाओजूला धरणी दुभंगावी असे झाले.

मग लाईबाई सुनेला म्हणाल्या, "पोरी, झगा उतरव आणि खाली जा. दुकानात तुझ्यासाठी सुपाचा डबा ठेवलाय, गरम आहे तोवर पी. आणि जिना सावकाश उतर."

शाओवेन गेली. लाईबाईंनी दार लावले, अंगातला सदरा काढला आणि झग्यात पाय घातला.

"लाईबाई, अहो, फाटेल!"

"फाटतोय कशाने? तुझी शिवण उसव आधी. लग्नाच्या दिवशी तिची कंबर माझ्या आजच्या कंबरेएवढी धर. चेन काढ, पाठीला फिती लाव. हव्या तेवढ्या सैल करता येतील. आणि टाचण्या काढ बाहेर. माझ्या पोटात आता भाताशिवाय काही नाही."

बाओजूने गादी पुन्हा मनगटाला बांधली. आरशात सुपाचा वास असलेली एक स्थूल, पिकल्या केसांची वधू ताठ उभी होती. बाओजूने घाईघाईने कंबरेशी रेशीम चिमटीत धरले. पहिलीच टाचणी रेशमातून आरपार गेली.

"आई गं! टोचलीस की!"

"माफ करा, ताई, माफ करा..."

"असू दे," लाईबाई आरशातून नजर न हलवता म्हणाल्या. "इथं टोचली तर टोचली. चल, दुसरी लाव."